वाचायचंय की ठेवायचंय? प्रेमकथा विकत घेण्याची रीत, पायरीपायरीने

गेल्या महिन्यात तीन मैत्रिणींचे फोन आले. एकीने मिल्स अँड बून या इंग्रजी रोमान्स छापणाऱ्या प्रकाशनाची एकच गोष्ट दोन वेगळ्या मुखपृष्ठांखाली दोनदा विकत घेतली होती. दुसरीने वाचनाचं ॲप फोनमधून काढून टाकलं होतं, तरी खात्यातून दर महिन्याला पैसे जातच होते. तिसरीने एक जुनी मराठी कादंबरी छापील किमतीच्या चौपट देऊन मागवली, आणि शेवटची सोळा पानं गायब. नायक स्टेशनवर पोहोचतो तिथे पुस्तक संपलं.

तिघीही वाचनात मुरलेल्या आहेत. चूक एकच झाली. पुस्तक कुठून घ्यायचं हे त्यांनी आधी ठरवलं आणि कशासाठी घ्यायचंय याचा विचार नंतर केला. पुढचे टप्पे हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत. प्रेमकथा म्हणजे इथे तिन्ही आल्या: मराठी सामाजिक-कौटुंबिक कादंबरी, ॲपवर भागाभागाने येणारी मालिका आणि इंग्रजी रोमान्स.

## तयारी: वहीत पाच रकाने

खरेदीला निघण्याआधी एक लहान वही करा. फोनमधली नोंद चालेल, पण मी वही वापरते, कारण दुकानदारासमोर सरळ उघडून धरता येते. रकाने असे: पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखकाचं पूर्ण नाव, प्रकाशन, आवृत्तीचं साल, आणि पुस्तक मालिकेतलं असेल तर मालिकेचं नाव व क्रमांक.

प्रकाशनाचा रकाना बहुतेक जणी रिकामा ठेवतात आणि तिथेच फसतात. मराठी प्रेमकथांना एका शब्दाचं नाव ठेवायची जुनी हौस आहे. चांदणं, मोगरा, पाऊस, सावली एवढ्या चार शब्दांभोवतीच किती कादंबऱ्या फिरत असतील! नुसत्या नावाने मागवलं की भलतंच पुस्तक हातात पडतं, आणि 'नाव तर बरोबर आहे' असं दुकानदाराने म्हटलं तर त्याचंही चुकत नाही.

लेखिकांच्या बाबतीत आणखी एक घोळ असतो. सुरुवातीची पुस्तकं माहेरच्या नावाने, नंतरची सासरच्या नावाने, मधली एखादी टोपणनावाने. माहीत असतील ती सगळी नावं लिहून ठेवा. ऑनलाइन शोधताना नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन अक्षरांत टाका. ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही पाहा. विक्रेत्यांनी नावं भरताना वेलांट्यांची फार काळजी घेतलेली नसते.

तपासा: तुमची नोंद घेऊन शेजारचा मुलगा दुकानात गेला, तर तो नेमकं तेच पुस्तक आणेल का? शंका असेल तर नोंद अपुरी आहे.

## टप्पा १: प्रत्येक नावापुढे खूण करा

खुणा तीनच. 'वा' म्हणजे वाचायचंय, 'ठे' म्हणजे घरात ठेवायचंय, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे अजून ठरलं नाही.

ही खूण करताना स्वतःशी कडक वागा. महिन्याला चार-पाच प्रेमकथा संपवणाऱ्या वाचकाला त्यातल्या बहुतेक परत उघडायच्या नसतात. त्या 'वा'. या लेखिकेचं एखादं पुस्तक आपण दुसऱ्यांदा वाचलंय का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर 'हो' असेल तर 'ठे'. मुखपृष्ठ सुंदर आहे हे कारण धरायचं नाही. (मी धरते. पण वर्षातून दोनदाच, असा नियम आहे.)

'वा' खुणेच्या पुस्तकांसाठी आधी वाचनालय. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर ही मोठी नावं झाली. तुमच्या गावातही सार्वजनिक वाचनालय असण्याची शक्यता बरीच आहे. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी प्रेमकथांच्या नव्या आवृत्त्या निघालेल्याच नाहीत. त्या अशाच कपाटांत सापडतात. अनामत आणि मासिक वर्गणी वेगवेगळी असते. अनामतीची पावती वहीच्या मागच्या पानाला चिकटवा, कारण पाच वर्षांनी नाव काढताना ती हमखास लागते.

उलटी चूकही होते. दर पावसाळ्यात एकच कादंबरी वाचणारी माझी एक भाची ती कादंबरी वाचनाच्या ॲपच्या वर्गणीतल्या यादीतून वाचायची. एका वर्षी ती यादीतून काढली गेली. पुस्तक तिचं कधी नव्हतंच.

## टप्पा २: पैसे देण्याआधी नमुना वाचा

प्रश्नचिन्हाची पुस्तकं इथे निकालात निघतात. ॲमेझॉनच्या किंडलवर बहुतेक ई-पुस्तकांचा सुरुवातीचा भाग नमुना म्हणून फुकट उतरवता येतो. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात अनेक पुस्तकांची काही पानं बघायला मिळतात. छापील पुस्तक घ्यायचं असेल तरी नमुना डिजिटल वाचायला काय हरकत आहे? मी फोनवर पहिलं प्रकरण वाचते आणि पुस्तक दुकानातून घेते.

मराठी ई-पुस्तकाचा नमुना दोन गोष्टींसाठी उघडायचा: गोष्ट आवडते का, आणि अक्षर धड दिसतं का. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. जुनी पुस्तकं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये जुळवलेली होती. ती रूपांतरित करताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडते. दोनशे पानं तसं वाचवत नाही. हळव्या प्रसंगात 'प्रेम'चा 'प' आणि 'रेम' वेगळे झाले की हसूच येतं.

दुसरा प्रकार छापील पानांचे फोटो काढून केलेल्या पुस्तकांचा. त्यात अक्षराचा आकार वाढवला की ओळ दुमडत नाही, पूर्ण पान मोठं होतं आणि प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. फोनवर हा निव्वळ छळ आहे.

तपासा: नमुन्यात अक्षर दोन पायऱ्या मोठं करून पाहा. ओळी नव्याने जुळल्या तर ठीक. पान नुसतं फुगलं तर ते टॅबलेटवर वाचणार असाल तरच घ्या.

तपासा: ज्या उपकरणावर वाचणार, नमुना त्यावरच उघडा. फोनच्या ॲपमध्ये उघडणारं प्रत्येक पुस्तक जुन्या ई-रीडरवर उघडेलच असं नाही.

## टप्पा ३: दुकानात काय विचारायचं

'ठे' खुणेची यादी घेऊन दुकानात जा. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर स्टेशनजवळचं आयडियल, शिवाजी मंदिरातलं मॅजेस्टिक अशा ठिकाणी माणसाशी बोलून पुस्तक मिळवता येतं, आणि तो फायदा घ्यायलाच हवा. जून महिना मात्र टाळा. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची झुंबड उडालेली असते आणि काउंटरवरच्या माणसाला तुमच्या कादंबरीसाठी माळ्यावर चढायला सवड नसते.

मराठी दुकानात 'प्रेमकथा' नावाचं वेगळं कपाट बहुधा नसतं. सगळं 'कादंबरी' या एकाच पाटीखाली, कधी लेखकाच्या आडनावाने, कधी प्रकाशनाप्रमाणे लावलेलं. त्यामुळे 'रोमँटिक काही आहे का?' असं विचारलं की एकतर इंग्रजीच्या रॅककडे बोट दाखवतात किंवा सगळ्यांना ठाऊक असलेली तीच चार पुस्तकं पुढे ठेवतात. असं विचारा:

"काका, अमुक लेखिकेचं अमुक प्रकाशनाचं काय काय आहे? आणि नसेल तर आवृत्ती संपलीय की तुमच्याकडचा साठा संपलाय?"

शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. साठा संपला असेल तर चार-आठ दिवसांत प्रकाशकाकडून मागवून देतात. आवृत्तीच संपली असेल तर दुकानांत चकरा मारण्यात अर्थ नाही, थेट टप्पा ७ कडे जा. पुनर्मुद्रण निघणार आहे का हेही त्याच दमात विचारून घ्या. बाहेरगावाहून येणार असाल तर फोन करून पुस्तक काढून ठेवायला सांगा.

पुस्तक हातात आलं की काउंटरवरच तीन गोष्टी बघा.

पहिली, पानांचे आकडे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांनी, बनलेलं असतं आणि बांधणीत एखादा फर्मा गळतो, उलटा लागतो किंवा दोनदा लागतो. पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत आकडे पाहा. ९६ नंतर एकदम ११३ आलं तर एक फर्मा गेला. नव्या कोऱ्या पुस्तकातही असं होतं, आणि घरी गेल्यावर कळलं तर बिल शोधत परत यावं लागतं.

दुसरी, किंमत. जुन्या आवृत्तीवर वाढीव किमतीची चिकटपट्टी लावायची पद्धत आहे. ती प्रकाशकाची असते, त्यात लपवाछपवी नाही. पण सवलत नेमकी कुठल्या किमतीवर मिळतेय ते विचारा. छापील पुस्तकावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे बिलात त्या नावाची रक्कम दिसली तर थांबा.

तिसरी, आवृत्तीचं पान. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरक आहे. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर मजकूर तोच. सुधारित आवृत्तीत लेखिकेने शेवटसुद्धा बदललेला असू शकतो. आईच्या आठवणीतलीच गोष्ट हवी असेल तर हे पाहायलाच हवं.

प्रदर्शनांबद्दल थोडक्यात. डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरणारा पुणे पुस्तक महोत्सव असो की गावातल्या हॉलमधलं प्रदर्शन, वही न घेता जाऊ नका. सवलतीच्या पाटीखाली आपण 'वा' खुणेची पुस्तकं 'ठे' समजून उचलतो. माझ्याकडे अशी अकरा आहेत.

## टप्पा ४: छापील पुस्तक घरपोच मागवताना

क्रम पाळा: आधी प्रकाशकाचं स्वतःचं संकेतस्थळ, मग मराठी पुस्तकांची खास दुकानं, शेवटी मोठी बाजारपेठ. कारण साधं आहे. मोठ्या बाजारपेठेत एकाच पानावर पाच विक्रेते असतात आणि 'खरेदी करा' हे बटण त्यांतल्या कुणाचंही असू शकतं. आवृत्ती संपलेलं दीडशे रुपयांचं पुस्तक तिथे सहाशेला लावलेलं असतं. विक्रेत्याचं नाव आणि छापील किंमत दोन्ही पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

टपालखर्च शेवटच्या पडद्यावर कळतो. दोनशेच्या पुस्तकाला सत्तर रुपये खर्च दिसला तर थांबा, यादीतली आणखी दोन नावं त्याच दुकानात मिळतात का पाहा आणि एकत्र मागवा.

इंग्रजी रोमान्स मागवताना चोरून छापलेल्या प्रतींपासून जपा. फुटपाथवर आणि सिग्नलला त्या दिसतातच, पण ऑनलाइनही येतात. मुखपृष्ठावरचं चित्र किंचित धूसर, कागद पातळ आणि मागची अक्षरं पुढे दिसणारी, समास तिरका. गाजलेल्या नव्या पुस्तकाची किंमत अविश्वसनीय वाटली तर अविश्वास ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, जुळवून पाहा. २००७ पासून तो तेरा अंकी आहे. भारतात नोंदवलेल्या पुस्तकांचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. चोरट्या प्रतीवरही खरा क्रमांक उतरवलेला असतो, म्हणून फक्त त्यावर भिस्त नको. आणि जुन्या मराठी कादंबऱ्यांवर हा क्रमांक नसतोच. त्यात काळंबेरं काही नाही.

सावधान: पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, आणि त्यात पानांवरून अंगठा फिरवतानाचंही येऊ द्या. फर्मा गळल्याची तक्रार नुसत्या शब्दांवर कुणी मानत नाही.

## टप्पा ५: ई-पुस्तक घेताना

किंडलच्या ॲपमध्ये खरेदीचं बटण दिसलं नाही तर गोंधळू नका. ब्राउझरमध्ये ॲमेझॉन उघडून तिथून पुस्तक घ्या, ते ॲपमध्ये आपोआप येतं. पण त्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

खातं कोणाचं? प्रेमकथा वाचणाऱ्यांना हा प्रश्न जरा जास्तच लागू आहे. घरातल्या चौघांचं खातं एक असेल तर तुम्ही घेतलेलं प्रत्येक मुखपृष्ठ सासऱ्यांच्या टॅबलेटवरही झळकतं. आणि मुखपृष्ठं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. वेगळ्या ईमेलवर वेगळं खातं काढा. हे खरेदीच्या आधीच करा. घेतलेली पुस्तकं नंतर एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येत नाहीत.

खातं कुठल्या देशाचं? परदेशातल्या मराठी वाचकांचं इथे अडतं. ई-पुस्तकांचं दुकान खात्याच्या देशावर ठरतं, आणि इथे दिसणारं पुस्तक तिथे दिसेलच असं नाही, कारण हक्क देशागणिक विकलेले असतात. खात्याचा देश बदलण्याआधी चालू वर्गणी संपू द्या, एका देशाची वर्गणी दुसऱ्यात चालत नाही. एखाद-दुसऱ्या पुस्तकासाठी देश बदलण्यापेक्षा ते दुसऱ्या दुकानात मिळतं का ते आधी पाहा.

विकत घेतलं म्हणजे नक्की काय? तुम्हाला वाचायचा परवाना मिळतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून दूरून पुसल्या होत्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले, पण पुस्तक गेलं. घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोयही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. म्हणून 'ठे' खूण असलेलं पुस्तक शक्यतो छापील घ्या. डिजिटलच घ्यायचं असेल तर ते गमावलं तरी चालेल अशा किमतीला घ्या.

बोट चुकून पुस्तक विकत घेतलं गेलं तर वाचत सुटू नका. लगेच ऑर्डरच्या यादीत जाऊन परतीचा पर्याय शोधा. मुदत थोडी असते, आणि बरंच वाचून झाल्यावर परतावा मिळणं अवघड होतं.

आणि फुकटच्या पीडीएफचं काय? ग्रूपवर 'जुन्या कादंबऱ्या, कॉपीराइट संपलेल्या' म्हणून फाइली फिरतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि ती निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. ना. सी. फडके १९७८ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांवरचे हक्क २०३८ संपेपर्यंत आहेत. 'जुनं' आणि 'मोकळं' यांत अशी गल्लत होते. या हिशेबात ज्या जुन्या लेखिकांना आपण 'आजीच्या काळातल्या' म्हणतो, त्यांतल्या बहुतेकींची पुस्तकं मोकळी नाहीत.

## टप्पा ६: वर्गणी आणि भागाभागाच्या मालिका

सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात, तेही थेंबाथेंबाने, म्हणून लक्षात येत नाहीत.

किंडल अनलिमिटेडसारख्या वर्गणीत पुस्तकं तुमच्याकडे वाचनालयासारखी येतात. एका वेळी ठरावीक संख्येइतकीच घेता येतात आणि वर्गणी थांबली की सगळी परत जातात. वर्गणी घेण्याआधी आपल्या 'वा' यादीतली किती नावं त्यात आहेत ती मोजा. वीसपैकी तीनच असतील तर ती तीन सुटी विकत घ्या. सवलतीच्या पहिल्या महिन्याला भुलून वर्गणी घ्यायची आणि मग त्यात काय आहे ते शोधायचं, हा उलटा धंदा आहे.

एक बारीक गोष्ट. स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखिकेला अनलिमिटेडमध्ये पुस्तक ठेवायचं असेल तर त्या काळात त्याची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. हा करार नव्वद दिवसांच्या मुदतीचा असतो. त्यामुळे एखाद्या ॲपवर फुकट वाचत असलेली मालिका अचानक गायब झाली तर चिडण्याआधी तिचं नाव किंडलवर शोधा. बरेचदा ती तिथे पुस्तक होऊन बसलेली असते.

प्रतिलिपीसारख्या ॲपवर मालिका भागांनी येते. सुरुवातीचे भाग खुले, पुढचे कॉइन्स (ॲपमधली विकत घ्यायची नाणी) खर्च करून किंवा वाट पाहून उघडायचे. इथे पहिल्या भागाला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा: मालिका पूर्ण झालीय का, आणि एकूण भाग किती. मग गुणाकार करा. समजा १२० भाग आहेत, पहिले १५ खुले आणि पुढचा प्रत्येक भाग ५ कॉइन्सचा. म्हणजे ५२५ कॉइन्स. तेवढ्या कॉइन्सचे रुपये किती होतात ते काढा आणि शेजारी एका छापील कादंबरीची किंमत लिहा. कधी मालिका स्वस्त निघते, कधी दोन पुस्तकं येतील एवढी महाग. दोन्ही ठीक आहे, फक्त आकडा आधी कळू द्या. कॉइन्सचा मोठा गठ्ठा पहिल्याच दिवशी घेऊ नका. चाळिसाव्या भागापर्यंत नायक-नायिका एकमेकांशी धड बोललेही नसतील आणि तुमचा धीर सुटलेला असेल.

मालिका अर्धवट असेल तर लेखिकेने मागचा भाग कधी टाकलाय ते पाहा. सहा महिन्यांपूर्वी टाकला असेल तर पुढचा बहुधा येत नाही.

सावधान: ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. ती जिथून सुरू केली तिथूनच बंद करावी लागते. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या वर्गण्यांच्या यादीत, थेट यूपीआयने घेतली असेल तर त्या ॲपच्या खात्यात आणि यूपीआयच्या ऑटोपे (आपोआप पैसे कापायच्या) यादीतही. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती येतेही, पण आपण जाहिरातींच्या संदेशांबरोबर पुसून टाकतो.

तपासा: वर्गणी सुरू केल्याच्या दिवशीच फोनमध्ये गजर लावा, पुढच्या तारखेच्या तीन दिवस आधीचा.

## टप्पा ७: जुनं पुस्तक

आवृत्ती संपलेल्या कादंबऱ्या इथेच मिळतात: मुंबईत फोर्टच्या फ्लोरा फाउंटनजवळचे आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे फुटपाथवाले, गावोगावचे रद्दीवाले, आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या, आता बंद झालेल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांचे गठ्ठे. हे गठ्ठे प्रेमकथांनी भरलेले असतात, कारण अशा लायब्रऱ्या चालायच्या त्याच पुस्तकांवर.

आधी शेवटचं पान बघा. वाचायचं नाही, आहे का एवढंच बघायचं. लायब्ररीतल्या प्रेमकथेचं सगळ्यात जास्त हाताळलेलं पान शेवटचं असतं, कारण निम्म्या वाचकांनी ते पहिल्यांदा उघडलेलं असतं. ते सुटतं, फाटतं, कुणी घेऊनही जातं. मग वर सांगितल्याप्रमाणे पानांचे आकडे. लायब्ररीने नव्याने बांधून घेतलेल्या पुस्तकात दोन वेगळी पुस्तकं एका पुठ्ठ्यात असू शकतात, किंवा बांधताना आतला समास एवढा कापलेला की ओळीची सुरुवात शिवणीत गेलेली. पुस्तक मधोमध उघडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहा. शिक्के आणि 'मस्त आहे, नक्की वाचा' अशा पेन्सिलीच्या नोंदी चालतील. मला तर त्या हव्याच असतात.

इंग्रजीतल्या जुन्या रोमान्समध्ये सुरुवातीला सांगितलेली दोनदा-खरेदीची चूक होते. मिल्स अँड बूनची ब्रिटनमध्ये 'मॉडर्न' मालिकेत निघालेली गोष्ट अमेरिकेत हार्लेक्विन या प्रकाशनाच्या 'प्रेझेंट्स' मालिकेत वेगळं मुखपृष्ठ घेऊन येते. वर दोन-तीन जुन्या गोष्टी एकत्र करून नवा खंड काढतात. म्हणून मुखपृष्ठ पाहून ठरवू नका. आतलं हक्कांचं पान उघडा, मूळ प्रकाशनाचं साल आणि लेखिकेचं नाव वहीशी ताडून पाहा. गोष्ट पूर्वी दुसऱ्या नावाने आली असेल तर त्याचा उल्लेखही बहुधा तिथेच सापडतो.

किमतीची घासाघीस पुस्तक तपासून झाल्यावर करा. भाव ठरल्यावर 'अहो, पान फाटलंय' म्हणून काहीही उतरत नाही. आणि पाच पुस्तकांचा एकत्र भाव विचारा, एकेकाचा नको.

जुनं पुस्तक घरी आणल्यावर लगेच कपाटात ठेवू नका, पानांत कसर असते. हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाण्याचे थेंब थेट पानांवर धरतात. मग मऊ ब्रशने झटका. कडक उन्हात दिवसभर वाळत घालण्याचा जुना उपाय करू नका, कागद कडकडीत होतो आणि मुखपृष्ठाचा रंग उडतो. फ्रीजरमधलं पुस्तक पाहून घरचे काय म्हणतील ते म्हणोत.

## टप्पा ८: खरेदीनंतरची पंधरा मिनिटं

बिलाचा फोटो काढा. वहीत नावापुढे तारीख, ठिकाण आणि दिलेली किंमत लिहा, आणि ई-पुस्तक असेल तर कुठल्या खात्यात घेतलं तेही. हे केलं नाही तर तेच पुस्तक वर्षभराने छापील घेतलं जातं.

सदोष प्रत आली तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, फोटो जोडा आणि बदलून हवी की पैसे हवेत ते स्पष्ट सांगा. दुकानातून घेतलेलं पुस्तक दुकानदार प्रकाशकाकडे पाठवून बदलून देतो. फर्म्याची चूक छापखान्याची असते हे त्यालाही माहीत असतं. ऑनलाइन विक्रेता टाळाटाळ करत राहिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे ऑर्डर क्रमांक आणि झालेला पत्रव्यवहार विचारतात, तो हाताशी ठेवा.

वाचून झालेली 'वा' खुणेची छापील पुस्तकं वाचनालयाला द्यायची असतील तर पिशवी घेऊन थेट जाऊ नका. आधी यादी दाखवा. जागा नसते, आणि त्यांच्याकडे त्याच कादंबरीच्या तीन प्रती आधीच असतात. पण सरकवून सरकवून जागा करून ते एखादी घेतात, कारण त्या तीन प्रतींपैकी एकीचं शेवटचं पान गेलेलं असतं.